रंगवणाऱ्याची चूक

"हा माझा मेहुणा," अप्पा बुधगावकर म्हणाले आणि हातातल्या चष्म्याच्या काडीने त्यांनी भिंतीवरची पहिली फ्रेम दाखवली.

फ्रेममध्ये एक गुबगुबीत पाखरू छाती पुढे काढून फांदीवर बसलं होतं. छातीवरचा लाल रंग उडून विटका झाला होता.

"वसंता. बाराही महिने गळ्यात लाल मफलर. आणि ही पुढची, लांब शेपटीची, मिरजेची आत्या. चकचकीत काही दिसलं की उचललंच."

"अहो," स्वयंपाकघरातून आवाज आला, "पहिल्यांदा घरी आलेल्या माणसासमोर आत्याबाईंना चोर म्हणता?"

"चोर कुठे म्हणालो? उचलते म्हणालो."

मृदुला माझ्या शेजारी बसून हसू दाबत होती. मी हसावं की नाही, ते मला ठरवता येत नव्हतं. मी कोल्हापूरच्या एका दैनिकात बातमीदार होतो आणि ती तिथेच मुद्रितशोधक. माझ्या बातम्यांतल्या चुका तिने दोन वर्षं काढल्या. जे मुळात बरोबर असे आणि मी उगाच बदलायला जाई, त्याच्या समासात ती लाल शाईने 'मुळाबरहुकूम' असं लिहून कागद परत पाठवी. पुढे आम्ही लग्न करायचं ठरवलं. सांगलीच्या त्या घरात मी होकार मिळवायला गेलो होतो. अप्पांची काही हरकत नव्हती. अडलं होतं ते अक्कांपाशी, म्हणजे मृदुलाच्या आईपाशी. मी सरनोबत. आमच्या घरी रविवारी काय शिजतं ते गल्लीला वासावरून कळतं. बुधगावकरांच्या घरात लसूणसुद्धा मागच्या दाराने येत असे.

"इंग्रजी पाखरं आहेत सगळी," अप्पा सांगत होते. "पाचगणीला एका साहेबाच्या बंगल्यातलं सामान काढलं होतं. तिथून उचलली."

"उचलली?" आतून प्रश्न आला.

"विकत घेतली!" अप्पा आतल्या दिशेने ओरडले आणि आवाज खाली आणून मला म्हणाले, "छापील आहेत, पण छापील नाहीतही. तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरायच्या, त्यावरून काळ्या शाईत कागद छापायचा आणि मग प्रत्येक कागद हाताने रंगवायचा. रंगवायला रांगेने बायका-पोरी बसवत म्हणे. त्यामुळे एकीसारखी दुसरी प्रत नाही. हे बघा, आत्याच्या शेपटीचा निळा रंग रेघेबाहेर गेलाय. कुणाला तरी जांभई आली असणार."

मी उठून जवळ गेलो. चित्रांपेक्षा मला दुसरंच काही खटकत होतं. आठही फ्रेमच्या खालच्या अर्ध्या भागावर क्रोशाने विणलेली पांढरी झालर होती. झालरीच्या वरच्या काठातून नाडी ओवून ती फ्रेमच्या मागे बांधलेली होती. आठ पाखरं परकर नेसून ओळीने बसल्यासारखी दिसत होती.

"खाली काय आहे?" मी विचारलं.

अप्पांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "घरटं. आणि घरट्यात जे असतं ते."

"अंडी," मृदुला म्हणाली.

आत भांडं आपटलं.

"मी पशुसंवर्धन खात्यातला माणूस," अप्पा कुजबुजले. "कोंबड्यांचा विभाग. उभा जन्म सरकारने मला अंड्यांचा पगार दिला. तो या घरात चालला. चित्रातलं अंडं चालत नाही."

"ऐकू येतंय मला," अक्का म्हणाल्या. त्या भडंगाची ताटली घेऊन बाहेर आल्या. लहानखुऱ्या, ताठ पाठीच्या बाई. ताटली माझ्यासमोर ठेवून त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि पदर सारखा करत त्यांनी थेट विचारलं, "तुम्ही अंडी खाता?"

"खातो."

"मटण?"

"तेही खातो."

"मृदुलाशी लग्न झालं तर सोडाल?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण माझ्या प्रत्येक वाक्यावर लाल शाईचं पेन फिरवणारी मुलगी शेजारीच बसली होती. "नाही सोडणार," मी म्हणालो. "पण तिला खा म्हणणार नाही. आईने तिच्यासाठी वेगळी चूल कबूल केली आहे."

"वेगळ्या चुलीवर ती करणार काय? हिला चहाशिवाय काही येत नाही."

"अक्का!" मृदुला म्हणाली.

"चहा तरी धड येतो का, ते यांना विचार."

"येत नाही," मी म्हणालो.

अक्कांच्या ओठांची एक बाजू हलली. अप्पांनी ते टिपलं आणि त्यांना वाटलं, हीच वेळ. ते गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "मग ठरलं. आणि सरनोबत, मी ही आठही चित्रं मृदुलेला देणार, लग्नाची भेट म्हणून. तुमच्या घरी तरी पाखरांचे परकर सुटतील."

अक्कांच्या ओठांची ती बाजू पुन्हा सरळ झाली.

"चित्रं जाणार नाहीत."

"अगं, इतकी वर्षं 'घालवा ही पाखरं' म्हणून माझ्या मागे लागली होतीस ना?"

"आता नाही म्हणत." त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्या घरी तुम्ही काय वाटेल ते खा. मी त्याचा बाऊ करणार नाही. पण चित्रं या भिंतीवर राहतील, आहेत तशी. हे कबूल असेल तर माझा होकार समजा."

"मला चित्रं हवीत," मृदुला म्हणाली.

"कशाला?"

"आवडतात."

"परकर नेसलेली पाखरं आवडतात?"

"आवडतात."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या हट्टाच्या बाबतीत मायलेकी अगदी एका साच्यातल्या दिसत होत्या. अप्पांनी भडंगाची मूठ तोंडात टाकली आणि माझ्याकडे बघून खांदे उडवले.

जेवणं झाली. पुरणपोळी होती. म्हणजे बाई अगदीच विरोधात नव्हत्या. जेवताना चित्रांचा विषय कुणी काढला नाही. हात धुताना अक्का म्हणाल्या, "अहो, मृदुलाला घेऊन मंडईत जाऊन या. यांच्या आईसाठी वांगी द्यायची आहेत. कोल्हापूरला अशी मिळत नाहीत."

"मी जाऊन येतो ना," मी म्हणालो.

"तुम्हाला वांगी ओळखता येणार नाहीत," अक्का म्हणाल्या. "तुम्ही बसा."

ती दोघं गेली. मी बाहेरच्या खोलीत येऊन पुन्हा भिंतीसमोर उभा राहिलो. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत येत होतं आणि नेमकं चित्रांवर पडत होतं. सकाळी अप्पांनी मला सात पाखरांची ओळख करून दिली होती. मेहुणा, आत्या, वकील, वकिलाची दुसरी बायको, पुढचे तिघे कुणीतरी चुलत. आठव्या फ्रेमपाशी ते थांबले होते. त्या फ्रेममध्ये चिमणीएवढं, चिमणीसारखंच एक करडं पाखरू होतं. "ही अशीच आहे, साधी," एवढं म्हणून त्यांनी चष्मा घातला होता. ज्या माणसाने वकिलाच्या दुसऱ्या बायकोलाही सोडलं नाही, त्याने एक पाखरू का सोडावं?

मागे अक्का येऊन उभ्या राहिल्या.

"एक विचारू का?" मी म्हणालो.

"बातमीदारासारखं विचारणार असाल तर नको."

"मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने विचारता येत नाही. अंडी खाणारा जावई चालेल म्हणता. मग चित्रातली अंडी लेकीच्या घरी गेली तर काय होईल?"

त्या वळल्या. आतल्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात शाळकरी मुलांची रंगपेटी होती, नवीकोरी, आणि एक बारीक ब्रश.

"रंगवता येतं तुम्हाला?"

"चित्रकलेत काठावर पास झालोय."

"फक्त भरायचंय. माझा हात कापतो, नाहीतर तुम्हाला विचारलं नसतं. ती फ्रेम काढा. शेवटची."

मी फ्रेम उतरवून टेबलावर पालथी ठेवली. अक्का नाडी सोडायला वाकल्या आणि थबकल्या.

"ही सुरगाठ कशी?"

"काय झालं?"

"मी निरगाठ मारली होती. आठांनाही." त्यांनी इतर सातांच्या मागे एकेक हात घालून चाचपलं. "त्यांना निरगाठच आहे." थोडा वेळ त्या गाठीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असेल. म्हातारपणी काय आठवतंय?" आणि त्यांनी सुरगाठ ओढली. झालर गळून पडली. मी फ्रेम सुलटी केली.

एका कागदावर दोन चित्रं असावीत तसं दिसत होतं. वरचं पाखरू वर्षानुवर्षांच्या उन्हाने धुरकट झालं होतं, त्याची फांदीही. झालरीच्या रेषेखाली मात्र सगळं नुकतंच रंगवल्यासारखं होतं. घरट्यातलं शेवाळ ओलं वाटावं इतकं हिरवं. आत चार अंडी, स्वच्छ निळी, एक डाग नाही. आणि त्यांना खेटून पाचवं. हे मोठं होतं, मातकट, अंगभर तपकिरी ठिपके.

"हे कोकिळेचं?" मी म्हणालो.

"त्यांच्याकडची कोकिळा. आपली कावळ्याकडे जाते, त्यांची या चिमुरडीकडे जाते." त्या खुर्चीवर बसल्या. "मृदुला माझ्या दिराची मुलगी. नागपूरच्या नानांची. त्यांना आधीच्या चौघी होत्या, मला कुणी नव्हतं. हिला ओंजळीएवढी असताना आणली. तिला ठाऊक नाही."

खिडकीबाहेर एक सायकलवाला घंटी वाजवत गेला.

"पाच वर्षांची असेल. या इथं, जमिनीवर बसून चित्र बघत होती. मला म्हणाली, अक्का, हे एकच अंडं वेगळं का? मी काय सांगणार? यांनी सांगितलं होतं ना, की हाताने रंगवतात. मी म्हटलं, रंगवणाऱ्याची चूक आहे, बाळ. त्याच रात्री क्रोशा घेऊन बसले."

"आठही चित्रांना?"

"एकट्याला झालर घातली असती तर तिने ती उचलून बघितली नसती का? सगळ्यांना घातली. मग सगळ्यांना का घातली, याचं कारण हवं. म्हणून घरात अंडं बंद केलं, चित्रातलंही." त्यांचा आवाज खाली आला. "त्याआधी मी यांना स्वतः ऑम्लेट करून द्यायची. मागच्या अंगणात स्टोव्ह ठेवून. कांदा, कोथिंबीर, मिरची, सगळं घालून. एका संध्याकाळीत मी सोवळी झाले. बिचाऱ्यांनी एका शब्दाने विचारलं नाही."

मला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती.

"तुमच्या घरी झालरी निघणार," अक्का म्हणाल्या. "ती आता पाच वर्षांची नाही. तिची नजर तुम्हाला माहीत आहे. कानामात्रा सुटत नाही तिच्या हातून. ते अंडं निळं करा. चार निळी आहेत, पाचवं निळं करा. मग खुशाल घेऊन जा सगळी."

"म्हणजे चूक दुरुस्त करायची."

"हो."

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या भानगडी छापून पोट भरलं आहे. त्या दुपारी पहिल्यांदा कुणी मला एक बातमी दाबायला सांगत होतं, आणि त्याबदल्यात मला बायको मिळणार होती. मी पक्कड मागून घेतली, मागचे बारीक खिळे काढले, पुठ्ठा बाजूला केला. कागद जाडसर होता, कडांना पिवळा पडलेला. अक्कांनी वाटीत पाणी आणलं. मी निळा रंग कालवला. तो अंड्यांच्या निळ्यापेक्षा भडक होत होता. थोडा पांढरा घातला, मग तो निळीच्या पाण्यासारखा झाला.

"जरा हिरवटपणा हवा," अक्का माझ्या खांद्यावरून म्हणाल्या.

"घालतो."

"जास्त झाला."

"अक्का, तुम्ही असं बघत राहिलात तर माझाही हात कापेल."

"परीक्षेला पर्यवेक्षक नव्हते वाटतं?"

"होते. म्हणूनच काठावर पास झालो."

मी ब्रश टेकवला. मोठ्या अंड्याच्या कडेला निळा ठिपका उमटला आणि मातकट रंगावर जाऊन विचित्र दिसू लागला.

"ब्रश खाली ठेव," दारातून मृदुला म्हणाली.

आम्ही दोघंही दचकलो. ती उंबऱ्यात उभी होती, एकटीच.

"पिशवी विसरलो," ती म्हणाली. "अप्पा कोपऱ्यावर थांबलेत. काय चाललंय?"

"चूक दुरुस्त करतोय," अक्का घाईघाईने म्हणाल्या. "ते अंडं नव्हतं का... रंगवणाऱ्याची..."

मृदुला टेबलापाशी आली. चित्राकडे तिने पाहिलंच नाही. आधी माझ्या हातातला ब्रश काढून वाटीत ठेवला, मग म्हणाली, "चूक नाही ती. मुळाबरहुकूम आहे. हात लावायचा नाही."

अक्कांनी रंगपेटीचं झाकण लावलं.

"नागपूरच्या थोरल्या ताईनं सांगितलं मला," मृदुला म्हणाली. "तिच्या लग्नात. मी आठवीत होते. ती म्हणाली, तू आमची पाचवी. मला आधी राग आला. घरी येऊन ही झालर सोडली, हे अंडं बघितलं. मग तुला सांगायला स्वयंपाकघरात आले, तर तू काय करत होतीस?"

"काय?"

"बाकीच्या झालरी धुवायला काढल्या होत्यास ना, तुझ्या त्या सहा महिन्यांच्या धुण्याला. एकीचा टाका उसवला होता, तो घालत बसली होतीस. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दातात. म्हटलं, एवढं विणलंय बाईनं, आपण कशाला उसवायचं?"

"आणि ती सुरगाठ?" अक्कांनी विचारलं.

"मी अधूनमधून सोडून बघायचे. दर वेळी निरगाठ कोण सोडत बसणार?"

अक्कांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते पदराआडून दिसत नव्हतं. मग पदरातूनच त्या म्हणाल्या, "कोकिळेचं पिल्लू बाकीची अंडी घरट्याबाहेर ढकलून देतं म्हणतात."

"इथे ढकलायला दुसरं होतंच कोण?" मृदुला म्हणाली. "सगळं एकटीनंच खाल्लं. बघ ना, आहे की नाही मी मोठी आणि ठिपक्यांची?" तिने गालावरच्या मुरुमाच्या खुणेवर बोट ठेवलं.

अक्कांनी तिच्या डोक्यावर चापटी मारली. मग हात तिथेच ठेवला.

मी वाटीतलं निळं पाणी खिडकीबाहेर ओतायला गेलो. परत आलो तेव्हा अक्का उरलेल्या झालरींच्या गाठी सोडत होत्या. निरगाठी हट्टी होत्या. मृदुलाने एकेक गाठ दातांनी सोडवली. सातही फ्रेमच्या खालून निळी, हिरवट, गुलाबी, चट्ट्यापट्ट्यांची अंडी बाहेर आली. वर फिक्कट मेहुणा, फिक्कट आत्या, आणि खाली त्यांचे संसार लखलखीत.

"चित्रं ने," अक्का मला म्हणाल्या. "झालरी ठेवून जा. लोणच्याच्या बरण्यांना होतील."

"आणि होकार?"

"वांगी कुणासाठी मागवली मग?"

कोपऱ्यावर थांबून कंटाळलेले अप्पा तेवढ्यात आत आले. "अगं, पिशवी आणायला गेलीस की शिवायला?" असं म्हणत त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि ते तिथेच उभे राहिले. उघडी अंडी, टेबलावरची रंगपेटी, बायकोचे लाल डोळे, सगळं त्यांनी नीट पाहून घेतलं. मग चष्मा काढून पुसला.

"म्हणजे कळलं एकदाचं सगळ्यांना सगळं," ते म्हणाले. "म्हणजे माझं ऑम्लेट..."

"तुम्हाला माहीत होतं? झालरी कशासाठी ते?"

"खात्यात अंडीच तपासत होतो ना मी?" अप्पा म्हणाले. "शिवाय आवडीचं ऑम्लेट बंद झालं की माणूस कारण शोधतोच."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी कडक सोवळी झालेलीस. म्हटलं, हिला यात काही सुख असेल."

अक्कांनी पदराने डोळे पुसले. "अंगणात," त्या म्हणाल्या. "स्टोव्हवर. आणि माझ्या कढईत नाही."

"कढई मी आणतो," मी म्हणालो. जावई म्हणून त्या घरात मी केलेलं ते पहिलं काम.

ती आठ चित्रं आता कोल्हापुरात आमच्या बाहेरच्या खोलीत आहेत. ऊन लागणार नाही अशा भिंतीवर मृदुलाने ती लावून घेतली. अक्का होत्या तोवर दर दिवाळीला येऊन त्यांच्यासमोर बसत आणि आठव्या चित्रातल्या करड्या पाखराचं कौतुक करत. त्याला अप्पांनी शेवटपर्यंत नाव ठेवलं नाही.

येणारे-जाणारे त्या चित्रापाशी हमखास थांबतात. घरट्यातल्या मोठ्या अंड्याच्या कडेला एक निळा ठिपका आहे, बाकीच्या निळ्यापेक्षा भडक, रेघेच्या जरा बाहेर गेलेला. हे काय, असं कुणी विचारलं की मृदुला माझ्याकडे बघते आणि सांगते, "रंगवणाऱ्याची चूक."